सुटं अंडं चालत नाही

चमत्कार खरा ठरला तर त्यात फ्रेमवाल्या ताईंचा फायदा किती होता, ते आधी मांडून टाकू. एक, ज्या दुकानासमोरून लोक पुढच्या चौकाकडे बघत निघून जायचे, त्याच दुकानाच्या पायरीशी ते आता थांबून नमस्कार करू लागले होते. दोन, 'ती फ्रेमवाली' या दोन शब्दांतून ताईंची सुटका होऊन त्या 'साक्षीदार ताई' झाल्या होत्या. तीन, शेजारचे टेलरमामा गेली नऊ वर्षं त्यांच्या करवतीच्या नावानं बोटं मोडत होते, तेच आता म्हणत होते, "चालू द्या हो ताई, तुमच्या करवतीचा आवाज पवित्र आहे." तोट्याच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण ताईंनी ते पान उलटून पाहिलं नव्हतं.

दुकानाच्या वर एक लांबट हॉल होता. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास चालायचा. आता दर रविवारी सकाळी दहाला तिथे पाय ठेवायला जागा नसे. जिन्यावर रांग, रांगेत ढकलाढकली आणि ढकलाढकलीत एकच विषय.

"दिसली का हो?"

"शेपटी दिसली. पिल्लं कोपऱ्यात आहेत म्हणतात."

"दोन्ही?"

"दोन्ही! नखाएवढी. आणि बाप नाही!"

हॉलच्या टोकाला टेबल, टेबलावर लाकडी चौकटीची काचेची पेटी, पेटीवर एक पिवळा बल्ब. आत करंगळीएवढी एक पाल, मातकट रंगाची, पाठीवर नागमोडी रेघांची नक्षी. पेटीच्या बाजूला पांढऱ्या झब्ब्यात पालबाबा. त्यांना हे नाव लोकांनी दिलं होतं, आणि त्यांनी ते नको नको म्हणत घेतलं होतं.

"पाहा, मातेकडे पाहा!" पालबाबा गाण्याच्या चालीवर बोलत. "गळ्यात मोती, पोटात ज्योती! नर नाही, नराची सावली नाही, नराचा वारा नाही! अंड्यातून एकटी आली, काचेत एकटी वाढली. आम्ही नुसता दृष्टिक्षेप टाकला, आणि कूस भरली! डॉक्टरनं भरली का?"

"नाही!" हॉल गरजला.

"गोळीनं भरली का?"

"नाही!"

"सुरीनं भरली का?"

हे तिसरं 'नाही' सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी बाई पहिल्या रांगेत होती. ती ताईंची सख्खी धाकटी बहीण. तोट्याचं पान ते हेच.

धाकटीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. गेल्या वर्षभरात अंगावरून इतकं जायला लागलं की जिना चढताना ती मध्येच बसे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गर्भाशयात गाठ आहे, लिंबापेक्षा मोठी. काढायला हवी. रक्त नऊवरून सातवर आलंय, आणखी थांबलात तर ऑपरेशन करायलाही अंगात रक्त उरणार नाही. तारीख दिली होती, येत्या मंगळवारची. आणि धाकटीनं ठरवलं होतं की मंगळवारी जायचं नाही. पालबाबांनी तिला अकरा रविवार उपास करून पेटीसमोर बसायला सांगितलं होतं. तिचे पाच झाले होते.

धाकटीचा नवरा बसमध्ये कंडक्टर. दिवसभर शेकडो लोकांना 'पुढे सरका' म्हणून दरडावणारा हा माणूस घरात मात्र एका बाईला दवाखान्याकडे सरकवू शकत नव्हता.

"ताई, तुम्हीच सांगा तिला," तो दुकानात येऊन म्हणाला. "माझं ऐकत नाही. म्हणते, तुमचा विश्वास नाही म्हणून मला गुण येत नाही. म्हणजे गाठ तिच्या पोटात आणि दोष माझ्या डोक्यात!"

ताईंनी त्याच संध्याकाळी बहिणीला गाठलं. "अगं धाकटे, तू बाबांकडे जा, नको कुठे म्हणते? पण मंगळवारी दवाखान्यातही जा. दोन्ही कर."

"दोन्ही केलं तर ते कृपेची परीक्षा घेतल्यासारखं होतं, असं बाबा म्हणतात."

"बाबा काय, म्हणतील काहीही!"

धाकटी थंडपणे म्हणाली, "ताई, पेटीला सीलची पट्टी कोणी लावली?"

"मी."

"सही कोणाची आहे पट्टीवर?"

"माझी."

"मग? मी बाबांवर विश्वास ठेवलाय असं तुला वाटतं? मी तुझ्या पट्टीवर ठेवलाय. माझी ताई आयुष्यात कधी खोटी पट्टी लावणार नाही."

पंचाईत ही, की ते खरं होतं.

सव्वा वर्षापूर्वी पालबाबा प्रथम दुकानात आले तेव्हा ते बाबा नव्हते. झोळी घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांना एक पेटी हवी होती. मागून पुठ्ठा, पुढे काच, वर बारीक जाळी, खायला घालायला काडीएवढी नळी. आत काहीही शिरू नये, बाहेर काहीही पडू नये. "आणि सीलबंद तुम्हीच करायची," ते म्हणाले होते. "तुमच्या सचोटीची ख्याती ऐकून आलोय." सचोटीची ख्याती ऐकून कोणी दुकानात आल्याचा हा ताईंच्या धंद्यातला पहिला प्रसंग. त्यांनी त्यांना चहा पाजला.

नेमका त्याच दिवशी ताईंनी एका लॉजचा जुना आरसा दुरुस्तीला उघडला होता. आरशामागच्या पुठ्ठ्यावर पालीची दोन अंडी होती, वाटाण्यापेक्षा जराशी लहान, पुठ्ठ्याला सरस लावल्यासारखी घट्ट चिकटलेली. गृहस्थांचे डोळे चमकले. हे अंडं पेटीत ठेवायचं, म्हणाले.

ताई म्हणाल्या, "अहो, त्यासाठी पुठ्ठा कशाला कापता? माझ्या खिळ्यांच्या खणात भिंतीवरच्या मोठ्या पालीनं अंडी घातलीत. सुटीच आहेत. उचला आणि ठेवा."

"सुटं नको," गृहस्थ चटकन म्हणाले. मग आवाज खाली आणून, डोळे अर्धे मिटून म्हणाले, "सुटं अंडं चालत नाही. ज्याला चिकटून राहता येतं, त्यालाच कृपा चिकटते."

वाक्य ताईंना आवडलं होतं. दोन दिवस त्या ते इतरांना ऐकवत होत्या.

तर त्यांनी पुठ्ठा कापला. कापण्याआधी त्यांची एक सवय होती. ज्या रेषेवर सुरी चालवायची, तिच्यावर आडवी तारीख लिहायची, म्हणजे अर्धे आकडे एका तुकड्यावर आणि अर्धे दुसऱ्यावर जातात. मग कुठला तुकडा कुठल्याचा, हे वर्षांनीही जुळवता येतं. एक अंडं असलेला तुकडा पेटीत गेला. ताईंनी कडांना डिंकाची कागदी पट्टी लावली, पट्टीवर अर्धी आणि लाकडावर अर्धी येईल अशी पेन्सिलनं सही केली. पुढे पाल जन्मली, मोठी झाली, एकटीनंच दोन अंडी घातली, त्यातून पिल्लं निघाली आणि गृहस्थांचे बाबा झाले. एवढं मान्य करायला हवं, माणसात धीर होता. सव्वा वर्ष थांबून चमत्कार करणारे फार नाहीत. बहुतेकांना पंधरा मिनिटांत उरकायचा असतो.

शनिवारी सकाळी ताई शाळेत गेल्या. विज्ञानाच्या बाईंचा फ्रेम केलेला पचनसंस्थेचा तक्ता द्यायचा होता. बाई म्हणजे बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या आणि आवाजानं सगळ्या मजल्याला ऐकू जाणाऱ्या.

"या, साक्षीदार ताई!" बाई प्रयोगशाळेतूनच ओरडल्या. "काय म्हणते तुमची कुमारी माता?"

"थट्टा करू नका हो बाई. माझ्या बहिणीच्या जिवाशी आलंय." ताईंनी सगळं सांगितलं.

बाई गंभीर झाल्या. "सरळ आहे. पट्टी उघडून कोणीतरी दुसरी पाल आत सोडली असणार, नाहीतर अंडी. जुनी युक्ती आहे."

"माझी पट्टी उघडलेली नाही."

"पुन्हा चिकटवली असेल."

"बाई," ताई म्हणाल्या, "मुलींच्या उत्तरपत्रिकेत कॉपी तुम्हाला कळते ना? तशी मला माझी सही कळते. दर रविवारी भिंग लावून बघते. केसभर हललेली नाही."

बोलता बोलता त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि त्या थांबल्या. खिडकीत एक मोठी काचेची बरणी होती, तोंडावर जाळी बांधलेली. आत करंगळीएवढी पाल, पाठीवर नागमोडी रेघा. आणि बरणीच्या तळाशी उभा केलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्याच्या कडेवर पेन्सिलचे अर्धे कापलेले आकडे.

"हे... हे माझं अक्षर आहे."

"असणारच. तुम्हीच तर दिलंत! त्या आरशाचं दुसरं अंडं. विसरलात? म्हणालात, मुलींना दाखवा, नाहीतर माझ्या दुकानात चिरडेल. सहावीच्या मुली तिला 'आत्या' म्हणतात. तीनदा अंडी घातलीत आत्यानं. तिच्या चार लेकी त्या पलीकडच्या बरण्यांत आहेत."

ताई खाली बसल्या. स्टुलावर नाही, तक्त्यावर. पचनसंस्थेची काच तडकली.

"बाई... आत्याच्या बरणीत नर कधी सोडलात?"

"छे! या जातीत नर असतोच कुठे?"

"असतोच कुठे म्हणजे?"

"म्हणजे नसतो. ही लहान पाल निराळी. उष्ण प्रदेशातल्या बेटांवर, बंदरांत, किनाऱ्यांवर राहते. सगळ्या माद्याच. फार पूर्वी दोन वेगळ्या जातींच्या पाली एकत्र आल्या आणि त्यातून ही जमात निघाली. ती नराशिवायच अंडी घालते आणि त्यातून आईची नक्कल म्हणावी अशी लेक निघते. लेकीला लेक, तिला लेक. क्वचित एखादा नर सापडतो म्हणतात, पण त्याच्याकडून काही होत नाही. जहाजातल्या केळ्यांच्या खोक्यात एक अंडं चिकटून गेलं तरी पुरतं, नव्या बेटावर एकटी उतरते आणि काही वर्षांत बेट भरून टाकते." बाईंनी चष्मा पुसला. "आणि गळ्यातले ते मोती म्हणजे चुना. अंड्याचं कवच करायला लागतो तो गळ्याशी साठवते. पोटातली ज्योती म्हणजे अंडीच, पातळ कातडीतून पांढरी दिसतात."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "पेटीत कुठली पाल आहे हे मी बघितलंच नाही, ताई. असल्या ठिकाणी आपण जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दोन गल्ल्यांवर चाललं होतं, आणि मी इथे बसून हसत होते. तुम्ही लोकांनी चुकीचं बघितलं, मी बघितलंच नाही."

ताईंच्या डोक्यात दुसरंच काही जुळत होतं. "बाई, भिंतीवरच्या मोठ्या पालीची अंडी कशी असतात? चिकटतात?"

"ती सुटी पडतात. आणि तिला नर लागतो. का?"

"काही नाही," ताई उठत म्हणाल्या. "उद्या दहाला आत्याला घेऊन या. आणि या वेळी जिना चढा."

रविवारी हॉल तुडुंब होता. 'सुरीनं भरली का?' पर्यंत गाडी आली होती. हॉलनं 'नाही' म्हटलं आणि मागून ताईंचा आवाज आला, "बाबा, जरा थांबा. साक्षीदाराला बोलायचंय."

लोकांनी वाट दिली. पुढे ताई, मागे बरणी छातीशी धरून बाई.

"पहिली गोष्ट," ताई म्हणाल्या. "पट्टी माझी आहे, सही माझी आहे आणि ती आजवर कोणी उघडलेली नाही. आत नर गेला नाही."

टाळ्या पडल्या. पालबाबांनी हात उंचावला. धाकटीनं कंडक्टरकडे असं पाहिलं की तो अर्ध्या तिकिटावर आला.

"दुसरी गोष्ट. आता मी ती उघडणार आहे."

"मातेला त्रास होईल!" बाबांचा शिष्य पुढे झाला.

"माझी पट्टी आहे. मी लावली, मी कापते." ताईंनी सुरी फिरवली, मागचा पुठ्ठा अलगद सारला आणि अंडं चिकटलेला जुना तुकडा काढायला हात घातला. पाल उसळली. शिष्यानं तिच्यावर झडप घातली. पाल पुन्हा पेटीत आणि शेपटी शिष्याच्या मुठीत! ती मुठीत वळवळायला लागली तसा शिष्य किंचाळला आणि शेपटी टेलरमामांच्या मांडीवर पडली. टेलरमामा बसल्या जागेवरून जेवढे उडाले, तेवढे ते गेल्या वीस वर्षांत उडाले नव्हते.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "शत्रूला शेपटीशी खेळत ठेवायचं आणि आपण पळायचं, ही तिची रीत आहे. पुन्हा उगवेल."

ताईंनी जुना तुकडा बाहेर काढून काळजीनं पेटी मिटली. मग बरणीतला तुकडा घेतला आणि पेटीतल्या तुकड्याला भिडवला. कड कडेला बसली. अर्धे आकडे अर्ध्या आकड्यांना मिळाले आणि सव्वा वर्षापूर्वीची तारीख पुरी झाली. त्यांनी तो पुठ्ठा आधी धाकटीपुढे धरला.

"वाच."

धाकटीनं वाचला. "तुझंच अक्षर आहे."

"एका पुठ्ठ्यावरची दोन अंडी. एक बाबांकडे आलं, एक शाळेत गेलं. बाबांच्या पालीनं एकटीनं पिल्लं काढली. शाळेतल्या पालीनंही एकटीनंच काढली. तीनदा. तिथे तिच्यावर कोणी दृष्टिक्षेप टाकला?"

"सहावी ब नं," बाई म्हणाल्या.

कोणीतरी खुदकन हसलं. पालबाबा सावरले. "कृपेला भिंती नसतात, ताई. आमची कृपा दूरवर जाते."

"दोन गल्ल्या?"

"सात समुद्र!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "सात समुद्रांपलीकडेही ही पाल अशीच वागते. ज्या बेटांवर तुमचं नाव कोणी ऐकलेलं नाही, तिथेसुद्धा. या जातीत नरच नसतो." आणि त्यांनी ताईंना सांगितलेलं सगळं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा सांगितलं.

"पुस्तकी ज्ञान!" शिष्य रागानं म्हणाला. "आमच्या बाबांना या पालींचा वीस वर्षांचा अनुभव आहे! केळ्यांच्या गोदामात होते तेव्हापासून..."

पालबाबांनी शिष्याकडे जो दृष्टिक्षेप टाकला, त्यानं कुठलीही कूस भरली नसती.

हॉलमध्ये कुजबुज वाढली. तरी अर्धे लोक अजून बाबांकडेच बघत होते. कारण एवढे रविवार जिना चढल्यावर एका सकाळीत खाली उतरणं सोपं नसतं. ताईंना ते माहीत होतं. त्या स्वतः त्याच जिन्यावर होत्या. त्यांनी पिशवीतून एक आगपेटी काढली. आत कापसावर एक अंडं.

"बाबा, भांडण नको. हे माझ्या खिळ्यांच्या खणातलं, भिंतीवरच्या मोठ्या पालीचं. हिला नर लागतो. दुसरी पेटी मी माझ्या खर्चानं करते, पट्टी मीच लावते, सही मीच करते. तुम्ही फक्त एक दृष्टिक्षेप टाका. वर्षानं हिनं एकटीनं पिल्लू काढलं, तर मी स्वतः तुमच्या पेटीपुढे दिवा लावीन. आहे तयारी?"

पालबाबांनी आगपेटीकडे पाहिलं. हॉलनं पालबाबांकडे पाहिलं.

"सुटं..." ते म्हणाले, आणि थांबले.

पण ताईंनी सव्वा वर्षापूर्वी ते वाक्य दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं होतं. टेलरमामांनाही.

"सुटं अंडं चालत नाही!" टेलरमामांनी वाक्य पुरं केलं, आणि हॉल जो हसत सुटला, तो जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत.

न हसणारं एकच माणूस होतं. धाकटी काचेकडे बघत होती. "म्हणजे," ती म्हणाली, "तिला काहीच करावं लागलं नाही. ती तशीच असते."

"हो."

"आणि मी तशी नाही."

ताई तिच्याजवळ खाली बसल्या. "नाहीस. तू पाल नाहीस, धाकटे. तिच्या अंगाचे नियम तुला लागू नाहीत. तुझ्या पोटात गाठ आहे. तिला मोती म्हटलं म्हणून ती मोती होत नाही."

"गाठ काढली की मूल होईल?"

"मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईही 'होईलच' म्हणाल्या नाहीत. म्हणून तर माझा त्यांच्यावर विश्वास आहे." ताईंनी तिचा गार हात धरला. "माझ्या पट्टीवर विश्वास ठेवलास ना? पट्टी खरीच होती. पण पट्टी एवढंच सांगते की पेटी बंद होती. ती का फळली, हे पट्टीला विचारायचं नसतं. ते मीही विचारलं नाही. माझी वाहवा चालली होती ना!"

धाकटी नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मंगळवारी किती वाजता पोचायचंय?"

"साडेसात," कंडक्टर म्हणाला. त्यानं हे इतक्या वेळा मनात म्हणून ठेवलं होतं की आवाज फुटला.

पालबाबा सोमवारी पेटी इथेच टाकून गेले. दुसऱ्या कुठल्यातरी गावात ते चिकटलेलं अंडं शोधत असतील. तेव्हा वाचकहो, कोणी नवल दाखवलं तर नवल जरूर बघा, नवल ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त दोन गोष्टी विचारा. ज्याला दृष्टिक्षेप मिळाला नाही, त्याचं काय झालं? आणि सुटं अंडं का चालत नाही? एवढं विचारायला जाड चष्मा लागत नाही.

आता कोणी काय भरलं, ते मांडून टाकू. धाकटीनं भरले नऊ टाके, दोन बाटल्या रक्त आणि उपासतापासात गेलेले पाच रविवार. गाठ निघाली, आता ती जिना एका दमात चढते, पुढचं पुढे. कंडक्टरनं भरली आठ दिवसांची रजा. बाईंनी भरला लांबून हसण्याचा अहंकार. आता त्या अशा प्रत्येक ठिकाणी पहिल्या रांगेत बसतात, आणि कोणालाच ते आवडत नाही. ताईंनी भरली पचनसंस्थेची काच आणि 'साक्षीदार' ही पदवी. टेलरमामा पुन्हा करवतीच्या नावानं बोटं मोडू लागले आहेत. पालबाबांनी काहीच भरलं नाही.

आणि पालीनं भरली शेपटी. ती मात्र दोन महिन्यांत परत आली, आधीच्यापेक्षा जराशी आखूड. सगळ्या व्यवहारात दिलेलं परत मिळालं ते तिला एकटीला.